नडगीतली माळ

एप्रिलमधली केस. गडहिंग्लजकडचे एक मामा, उसाच्या ट्रॉलीचं चाक नडगीवरून गेलेलं. हाड जुळलं पण आतून सडलं, दीड वर्ष नासूर वाहतोय. इंजेक्शनांचे किती कोर्स झाले त्याचे कागद मामींनी पिशवीत जपून ठेवलेले, त्यात रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीवर ताण, म्हणजे शिरेतनं डोस वाढवायलाही जागा नाही. आणि मेलेल्या हाडात रक्तच जात नाही, मग रक्तातनं दिलेलं औषध तिथं पोचणार कसं?

ऑपरेशन थिएटरात सरांनी सडलेलं हाड खरवडून काढलं आणि म्हणाले, "सिस्टर, मणी करायला घ्या."

बोन सिमेंटचं 40 ग्रॅमचं पाकीट, म्हणजे पीएमएमए, एक प्रकारचं अ‍ॅक्रिलिक. पावडरीत व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकच्या 1 ग्रॅमच्या दोन बाटल्या मिसळल्या, गुठळ्या मोडल्या, मग लिक्विड ओतलं, त्याचा उग्र वास नाकात बसतो बघा. हे घट्ट होताना चांगलंच तापतं म्हणून उष्णतेनं बिघडणारं औषध यात चालत नाही. त्या दिवशी एसी नीट चालत नव्हता आणि गरमीत सिमेंट लवकर आवळतं, ग्लोव्हजला चिकटायचं थांबलं की जेमतेम काही मिनिटं हातात. स्टीलच्या तारेवर भराभर मणी वळत होते, मोठे केले असते तर पटकन उरकलं असतं, पण बारीक मण्यांतनं औषध जास्त झिरपतं म्हणून मी हट्टानं वाटाण्याएवढेच केले. 22 झाले, तेविसाव्याला गोळा दगड झाला.

ही माळ सरांनी नडगीतल्या खड्ड्यात ठेवली. पहिल्या काही दिवसांत भरपूर औषध सुटतं, मग हळूहळू. जखमेत प्रचंड, रक्तात अगदी थोडं. तरी आम्ही क्रिएटिनिन बघतच होतो.

एकच गोष्ट मला खटकते, हे मणी विरघळत नाहीत, काढायला परत ऑपरेशन. विरघळणारे मिळतात, कॅल्शियम सल्फेटचे, पण ते महाग पडतात आणि आमच्याकडं येणारी माणसं ऊसतोडीची.

तिसऱ्या आठवड्यात ड्रेसिंग सोडलं तर गॉज कोरडा. मामींनी तो हातात घेऊन हुंगला. "वास न्हाई ओ सिस्टर," म्हणाल्या, "घरात जेवताना बी यायचा."

सहा आठवड्यांनी माळ काढली, हळूहळू ओढत. ट्रेमध्ये ठेवून मी मोजले. 22.