दोन माणसं सहज उचलतील

जाहिरात जेमतेम तीन वाक्यांची होती. लाकडावर चालणारी बिडाची (म्हणजे ओतीव लोखंडाची) शेगडी, चालू स्थितीत. घर बदलत असल्याने देणे आहे. दोन माणसं सहज उचलतील. पहिली दोन वाक्यं खरी निघाली. तिसऱ्या वाक्यातली ती दोन माणसं कुठे राहतात ते कुणाला माहीत असेल तर कळवा, मला त्यांना भेटायचंय.

मित्राची पिकअप मागून घेतली, मेहुण्याला झोपेतून उठवलं आणि पहाटे निघालो. साडेचार तासांचा रस्ता. एकच नदी तीनदा ओलांडली, धुकं छान होतं, बाकी काही आठवत नाही. परतीच्या प्रवासातलं मात्र एकूण एक वळण आठवतं.

शेगडी ज्यांची होती ते सत्तरीच्या पुढचे आजोबा. जाहिरात त्यांच्या नातवाने टाकलेली. मी 'दोन माणसं'चा विषय काढला तर म्हणाले, "त्यानं ती कधी उचललीय कुठे? 180 किलो आहे." मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मी शेगडीकडे पाहिलं. जाड बीड, काचेचं दार, खाली चार बाकदार पाय, मागे धुराड्याचं गोल तोंड. फोटोत दिसली त्यापेक्षा दीडपट मोठी. फोटो काढणाऱ्याने शेजारी काहीही न ठेवता वस्तूचा फोटो काढला, की ती वस्तू प्रत्यक्षात मोठीच निघते, हा माझा अनुभव आहे.

जुनी शेगडी कशी पाहायची याची मी आदल्या रात्री तयारी केली होती. ती आजोबांनी पाच मिनिटांत निकालात काढली. खोलीतला दिवा घालवला, पेटती बॅटरी शेगडीच्या आत ठेवली, दार लावलं आणि म्हणाले, आता बाहेरून सगळे सांधे बघा. जिथून उजेड येईल तिथून हवा जाईल, आणि नको तिथून हवा गेली की आग तुमचं ऐकणार नाही. एका कोपऱ्यात बारीक रेघ दिसली. तिथलं सिमेंट झडलं होतं, नवं भरता येण्यासारखं. मग दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि ती ओढायला सांगितली. दोन बाजूंनी घट्ट बसली, खालून अलगद निघून आली. म्हणजे दाराच्या कडेला फट बुजवायला बसवलेली दोरी बदलायला हवी. आत वरच्या बाजूला धूर अडवणारी जी आडवी पट्टी असते, ती उष्णतेने मधोमध किंचित खाली झुकली होती. आजोबांनी तीही आपणहून दाखवली. विकणारा स्वतःच दोष दाखवायला लागला की माझी घासाघीस करायची सगळी हौस मरते.

शेवटची परीक्षा आवाजाची. शेगडीवरचं जाड झाकण त्यांनी काढलं, दोरीला लोंबकळत धरलं आणि पान्याने हलकेच ठोकलं. ठण्ण. आवाज खोलीत बराच वेळ राहिला. "तडा असता तर ठप्प वाजलं असतं," ते म्हणाले. बिडात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त असतो. त्यामुळे ते ओतायला सोपं, तापायला उत्तम, पण वाकत मात्र नाही. वरून कितीही दाबा, सोसतं. ताण आला किंवा आडवा टोला बसला, की सरळ तुटतं.

आणि मग ते म्हणाले, "आतलं काढून न्या हं."

इथे मला कबूल करायचंय की मी ते ऐकलं होतं. ऐकलं नाही असं घरी सांगितलं, ते खोटं. मी म्हणालो, "राहू दे आजोबा, काढताना काहीतरी मोडायचं. आणि उशीर होतोय." त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. सभ्य माणसांचा हा एक तोटाच आहे.

गाडीत चढवण्याचं काम त्यांच्या देखरेखीखाली वीस मिनिटांत झालं. हौदा जमिनीपासून 80 सेंटिमीटर उंच, त्यांच्याकडच्या फळ्या 240 सेंटिमीटर लांब. एकास तीन असा चढ. म्हणजे घर्षण सोडलं तर 180 किलोचं वजन ओढायला 60 किलोचा जोर पुरतो. फळी लांब तेवढा जोर कमी. दोरी हौद्याच्या लोखंडी कडीला एक वेढा देऊन ओढायची, प्रत्येक वितीमागे खालून लाकडी पाचर सरकवायची, आणि शेगडीच्या खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही. पाचर मारणाऱ्यानेसुद्धा बाजूने हात घालायचा. आजोबा हे इतक्या शांतपणे सांगत होते की मला वाटलं, एवढंच तर आहे.

वर गेल्यावर त्यांनी शेगडीच्या पोटाखाली दोन लाकडी ठोकळे घातले. पाय मोकळे राहिले पाहिजेत, रस्त्यातला प्रत्येक हादरा पायांवर येता कामा नये. पट्टे आवळले. मागच्या खोलीत भिंतीवर शेगडीच्या आकाराचा फिका चौकोन उरला होता. निघताना मी तो पाहिला, आजोबांनी पाहिला नाही. की आधीच पाहून झाला होता, कोण जाणे.

परतीच्या वाटेवर मी ताशी 40 च्या वर गेलो नाही. मेहुणा दर पंधरा मिनिटांनी मागे वळून "आहे" असं सांगायचा. वेळ घालवायला मी त्याला बेंजामिन फ्रँकलिनची गोष्ट सांगितली. त्याने 1742 च्या सुमारास लोखंडी शेगडी काढली, पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरने पेटंट देऊ केलं तर नको म्हणाला. त्या शेगडीच्या पत्र्यांचं ओतकाम त्याच्या एका मित्राच्या भट्टीत व्हायचं. म्हणजे सुटे पत्रे ओतायचे आणि मग जोडायचे. मेहुणा म्हणाला, "म्हणजे ती सुट्या भागांची असते?" मी म्हणालो, हो. दोघेही गप्प बसलो. त्या क्षणी गाडी बाजूला घ्यायला हवी होती. नाही घेतली.

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. हौद्यातून खाली उतरवलं ते ठीक. अंगणातून पाईपांवर लोटत आणलं तेही ठीक. मागचा पाईप सुटला की उचलून पुढे घालायचा, हे काम मला चक्क आवडायला लागलं होतं. मग दारासमोरच्या तीन पायऱ्या आल्या.

तीनच. रोज मी त्या न बघता चढतो. फळी टाकायला समोर जागा नाही, कारण तिथे भिंत आहे. मग ट्रॉलीला बांधून, मेहुणा वरून ओढणार आणि मी बाजूने तोलणार, असं ठरलं. पहिली पायरी चढली. दुसऱ्या पायरीवर ट्रॉलीचं एक चाक कडेवर आलं, मेहुणा ओरडला, "भाऊजी, सोडा, सोडा!" आणि मी ती धरायला गेलो. असल्या वेळी धरायचं नसतं हे मला डोक्यात माहीत होतं. हातांना कुणी सांगितलं नव्हतं. नशिबाने पट्टा अडकला आणि शेगडी वीतभरच सरकली. पुढचा डावा पाय पायरीच्या कडेला आपटला. ठक्.

त्यानंतर पाऊण तास आम्ही शेगडीला पाचर मारून दुसऱ्या पायरीवर तशीच ठेवली आणि बाजूला बसून एकमेकांच्या चुका काढल्या. मेहुण्याचं म्हणणं, मी बाजूला ढकललं. माझं म्हणणं, त्याने झटका दिला. आवाज वाढल्यावर बायको दिवा घेऊन बाहेर आली. तिने शेगडीभोवती एक फेरी मारली, दार उघडलं, आत हात घातला आणि एक वीट बाहेर काढली.

"ही निघते," ती म्हणाली.

मग दुसरी. मग तिसरी. भट्टीच्या बारा विटा निघाल्या. ती आडवी पट्टी निघाली. राखेचा ट्रे निघाला. बिजागरीच्या दोन खिळ्या वर ओढल्यावर दार निघालं. वरचं झाकण तर सकाळी आजोबांनी काढलेलं मी स्वतः पाहिलं होतं! तिने आतून वजनकाटा आणून अंगणातच हिशोब मांडला: विटा 21 किलो, झाकण 14, दार 11, पट्टी 9, ट्रे 2. एकूण 57. एक आख्खं माणूस शेगडीत बसवून आम्ही साडेसहा तास फिरवत होतो, आणि त्याला जिने चढवायला निघालो होतो. मेहुणा हसायला लागला. मी नाही हसलो. अजूनही तो विषय निघाला की मी पाणी प्यायला उठतो.

उरलेलं 123 किलो धूड राहिलेली पायरी आणि उंबरा ओलांडून दहा मिनिटांत आत गेलं.

दुसऱ्या दिवशी शेगडीला ठोकळ्यांवर घेऊन पाय सोडवले. बोल्ट गंजले होते. तेल सोडून रात्रभर ठेवायला हवं होतं, पण मी तासाभराने सुरुवात केली. सुधारलो असतो तर ही पोस्ट लिहिलीच नसती. एकेक पाय दोरीला टांगला आणि पान्याने ठोकला. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. चौथा, पुढचा डावा, ठप्प वाजला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. काजळी पुसून बॅटरी तिरकी धरल्यावर केसाएवढी रेघ दिसली.

धुराडं, त्याचं भिंतीपासूनचं अंतर आणि ते बसवायला आलेल्या माणसाचा स्वभाव यावर वेगळं लिहावं लागेल. पाय मिळेपर्यंत पेटवायची नाही असं ठरलं, म्हणून मी आजोबांना फोन केला, जोडीचा पाय कुठे मिळेल का विचारायला. त्यांच्याकडे माळ्यावर एक जास्तीचा होता. पाठवतो म्हणाले. पैशाचं विचारलं तर ऐकू न आल्यासारखं केलं.

मग म्हणाले, "पाय कसा काय गेला? आतलं काढलं होतं ना?"

"हो," मी म्हणालो. "काढलं होतं."

कधी काढलं, ते त्यांनी विचारलं नाही.