आमची वाटचाल : ड्रायव्हर आणि त्याच्यापुढचं अपडेट

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळणं हा आमचा धंदा. सुरुवात असेंबल्ड पीसीपासून झाली. २००४च्या आसपास मदरबोर्डाच्या खोक्यावर ‘रेड’ (अनेक डिस्क एकत्र बांधून वापरायची सोय) ही अक्षरं ठळक छापलेली असायची. आत बऱ्याचदा सिलिकॉन इमेजची ३११२ चिप. तिचं रेड म्हणजे नुसता बायॉस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) आणि विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा छोटा प्रोग्राम. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला दोन सुट्या डिस्क दिसायच्या. आम्ही बायॉसमधलं रेड काढून लिनक्सच्याच एमडी या सॉफ्टवेअर रेडवर मिरर, म्हणजे दोन्ही डिस्कांवर तोच डेटा, बांधायचो. बोर्ड जळाला तरी डिस्क दुसऱ्या मशीनला लावून डेटा उघडता येतो, हे गिऱ्हाइकाला लगेच पटायचं.

खरी कसोटी सेंटओएस या फुकट लिनक्सची आठवी आवृत्ती, सेंटओएस ८, आल्यावर लागली. तोवर इकडं वापरलेले सर्व्हर घेण्याची टूम निघाली होती. दणकट माल, बोर्डावरच डिस्क जोडणारी एलएसआय कंपनीची एसएएस २००८ चिप. एका फाउंड्रीत इन्स्टॉल करायला बसलो, तर पडद्यावर एकही डिस्क नाही. बायॉसला दिसतात, सेंटओएस ७ला दिसतात, आठला नाहीत. मालक पाठीशी उभे. म्हणाले, “डिस्का हाताला लागत्यात, दिवं लुकलुकत्यात, आन् ह्याला दिसंना व्हय?”

मशीनमधल्या चिपांची यादी दाखवणारी एलएसपीसीआय ही कमांड मारली. चिप हजर होती, १०००:००७२. यातला १००० कंपनीचा क्रमांक, ००७२ चिपचा. प्रत्येक ड्रायव्हरजवळ अशा क्रमांकांची यादी असते. यादीत नसलेल्या चिपकडे तो ढुंकूनही बघत नाही. सेंटओएस ८ ज्यावर बेतलंय त्या रेड हॅट कंपनीच्या आरएचईएल ८मध्ये या चिपचा एमपीटी३एसएएस हा ड्रायव्हर होता, फक्त यादीतून ००७२ वगळला होता. मूळ लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, तो क्रमांक शाबूत. जुन्या हार्डवेअरची पुढची दहा वर्षं हमी कोण घेणार, हा हिशेब मला धंदेवाला म्हणून कळतो.

ईएलरेपो या स्वयंसेवकांच्या प्रकल्पानं जुने क्रमांक घालून ड्रायव्हर डिस्क बनवली होती. ती पेनड्राइव्हवर घेतली, इन्स्टॉलरला दाखवली, डिस्क आल्या.

इथवर कुणीही पोचतं. आमची कमाई पुढं आहे. ८.१वरून ८.२वर जाताना कर्नल आतून बदलू शकतो, बाहेरून बसवलेला ड्रायव्हर त्याच्याशी जुळेलच असं नाही, आणि रीबूटनंतर मशीनला स्वतःचीच रूट डिस्क, म्हणजे सिस्टिम असलेली डिस्क, सापडत नाही. म्हणून अपडेट आपोआप होऊ द्यायचं नाही. नव्या कर्नलसाठी बाहेरच्या ड्रायव्हरचं केमॉड पॅकेज आलंय का बघायचं, मशीन सुरू होताना आधी लोड होणाऱ्या, ड्रॅकट या साधनानं बांधलेल्या इनिटरॅमएफएस फाइलमध्ये ड्रायव्हर खरंच गेलाय का ते उघडून तपासायचं, जुना कर्नल ग्रबमध्ये, म्हणजे सुरू होतानाच्या मेनूत, राहू द्यायचा. मगच रीबूट, तोही कारखान्याच्या सुट्टीला. पोरं कुरकुरतात, पण वार्षिक करार यावरच उभे राहिले. ज्यांच्याकडं रिकामा स्लॉट आणि पैसे होते त्यांना मात्र मी डिस्क जोडायचं नवं कार्डच घ्यायला लावलं. एवढी उस्तवार प्रत्येकानं का करावी?

काहीजण सेंटओएस ७वरच थांबले. त्याची मुदत ३० जून २०२४ला संपणार होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आरएचईएलवरच बेतलेलं अल्मालिनक्स ९.४ आलं आणि अल्मावाल्यांनी आरएचईएलमधून वगळलेले बरेच क्रमांक परत घातले, एमपीटी३एसएएसचेसुद्धा. फाउंड्रीसकट सगळ्यांना तिकडं नेलं. बाहेरच्या ड्रायव्हरची गरजच उरली नाही. नवा करार वाचताना फाउंड्रीच्या मालकांनी ड्रायव्हर सांभाळण्याच्या कलमावर बोट ठेवलं आणि तेवढी रक्कम कमी करूनच सही केली.