धाविकाची अंडी

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. तिथं येणारा जो तो माळढोकाची चौकशी करतो, तो काही दिसत नाही, आणि बाकीच्या माळाकडं ढुंकूनही न बघता माणसं सोलापूरला परततात. याचं मला फार वाईट वाटतं. मी लघुचित्रं करते ती याच माळावरच्या जिवांची. त्यांत माझा सगळ्यात लाडका पक्षी धाविक. तांबूस डोकं, डोळ्यापासून मानेपर्यंत गेलेली काळी-पांढरी रेघ, उंच पांढरट पाय. तुरुतुरु धावतो, गपकन थांबतो, वाकून किडा टिपतो, पुन्हा धावतो.

मे महिन्यात अभयारण्याबाहेरच्या एका पडीक माळावर रेखाटनं करत होते. सलवारीत कुसळं घुसलेली, दहालाच ऊन तापलेलं. जागा बदलायला उठले, तोच मेंढरांमागून येणारे धनगर मामा ओरडले, "ताई, हलू नका! म्होरं अंडी हायती."

काठीनं दाखवलं तरी मला दिसेनात. मुरूम, वाळक्या लेंड्या, पिवळ्या काड्या. मग एकदम नजर बसली. दोन अंडी, मातकट, अंगभर काळपट डाग. घरटं असं नव्हतंच, उघड्या जमिनीत जरासा खळगा. कळप मामांनी केव्हाच वळवला होता. आम्ही लांब जाऊन बसलो. दुर्बिणीतून पाहते तर पाखरू थांबत थांबत आलं आणि अंड्यांवर सावली धरून उभं राहिलं. त्या उन्हात ऊब द्यायची नसतेच, अंडी भाजण्यापासून वाचवायची असतात. चोच उघडी, गळा धपापत होता. हेच काढायचं, तिथंच ठरलं.

लघुचित्रकारांमध्ये एक दंडक पाळतात: विषय मूळ आकाराच्या एक षष्ठांशाहून मोठा काढायचा नाही. धाविक साधारण २३ सेंटिमीटरचा, म्हणजे कागदावर चारच्या आत. अंडं जेमतेम ५ मिलिमीटर. त्यावर डाग द्यायचे तर ट्रिपल झीरो, म्हणजे अगदी बारीक टोकाचा ब्रश, तोही रद्दीवर टिपून जवळजवळ कोरडा केलेला, नाहीतर थेंब पसरतो. आमच्या उन्हाळ्यात पंचाईत उलटी: ब्रश कागदाला टेकेपर्यंत टोकावरचा रंग वाळतो. कूलर लावला तर दमट हवेनं कागद फुगतो. म्हणून पहाटे बसायचं.

खरा पेच वेगळाच होता. अंडी दाखवायची किती? थोडी उजळ केली, खाली सावलीची कड दिली की लगेच उठून दिसतात. पण माळावर मी ती तशी पाहिलीच नव्हती. मी कड दिली नाही. मुरमाला जो अंबर, म्हणजे मातकट तपकिरी रंग, तोच अंड्यांच्या डागांना. फरक एवढाच की मुरमाचे ठिपके कसेही पडलेले, अंड्यावरचे गोलाईबरोबर वळून कडेला दाट झालेले.

ज्यांनी हे चित्र करायला सांगितलं होतं ते डॉक्टर बघायला आले. "सुरेख झालंय ताई, पण अंडी कुठायत? जरा पांढरं मारा की." मी नाही म्हणाले. हातात भिंग दिलं, पाखराच्या सावलीत बघा म्हटलं. बराच वेळ गेला. "अरे, दोन आहेत!" मग त्यांनी बायकोला बोलावलं आणि तिला शोधायला लावलं. चित्र तसंच घेऊन गेले.

पुढच्या खेपेला मामांना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी सरळ अंड्यांवर बोट ठेवलं. "पिलं बी निघाली की! ती काढली न्हाई व्हय?"

ती आता काढायला घेतली आहेत.