बुडीत आणि सोडले

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना एका सुरात म्हटली जाते आणि तिच्यातले एक वाक्य मला लहानपणापासून दुकानातले वाटत आले आहे: ‘आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ इतर प्रार्थनांमध्ये पाप असते, अपराध असतो; येथे मात्र सरळ ऋण आहे, ऋणी आहे आणि सोडणे आहे. येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तिच्यात पापाला आणि कर्जाला एकच शब्द चालत असे, हे मला पुष्कळ पुढे कळले. त्याआधी माझ्यासाठी या वाक्याचा अर्थ वडिलांच्या उधारीच्या वहीत होता.

नगर जिल्ह्यातल्या एका बाजारगावात वडिलांचे किराणा दुकान होते. लाल कापडी बांधणीची ती लांबट वही गल्ल्याशेजारी असे आणि वर्षअखेरीस वडील तिच्यातली न आलेली बाकी निकालात काढत. काही नावांपुढे ते ‘बुडीत’ लिहीत, तर काहींपुढे ‘सोडले’. बुडीत म्हणजे गाव सोडून गेलेले, तोंड चुकवणारे, दिलेला शब्द फिरवणारे. सोडले म्हणजे ज्यांच्या घरी त्या वर्षी मरण आले, पीक गेले किंवा ज्यांची बाकी वडिलांनी स्वतःहून मागायची नाही असे ठरवले ते. दोन्ही रकमांवर आडवी रेघ पडे, पण आकडा खाली वाचता येई. खरवडून काढण्याची त्यांची पद्धत नव्हती. दोन्ही बाबतींत तोटा दुकानाचाच होई. त्या वर्षी आम्हा भावंडांचे नवे कपडे नाताळऐवजी ईस्टरला आले, तर ते कोणत्या शब्दामुळे, हे आम्हाला कोणी सांगत नसे.

क्षमा फुकट असते असे आपण सहज म्हणतो. घेणाऱ्याला ती फुकट असते, हे खरे. पण देणाऱ्याच्या वहीत ती रक्कम कोठेतरी खर्ची पडतेच. ख्रिस्ती शिकवणीत कृपा आणि वधस्तंभ हे दोन शब्द एकमेकांपासून सुटत नाहीत, याचे कारण मला येथे सापडते. बायबलमधल्या कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तर आपल्याविरुद्धचे ऋणपत्र देवाने वधस्तंभाला खिळून रद्द केले, असेच चित्र आहे. त्या जागी मूळ ग्रीक शब्द स्वतःच्या हाताने लिहून दिलेल्या कर्जखताचा आहे. हे वाचताना मराठी माणसाला देहूची आठवण न झाली तरच नवल. तुकोबांच्या घरी महाजनकी होती आणि त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत. ते या प्रसंगामुळे म्हणत असे नव्हे, पण त्या पुलाच्या एखाद्या कमानीखाली ती खते अजून तरंगत असावीत असे मला वाटते.

ऋणाचा हा हिशेब येशूने स्वतः मांडला आहे तो मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात. भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा काय, असे त्याचा शिष्य पेत्र विचारतो आणि सात हा आकडा त्याने उदार मनाने सुचवला असावा. साताच्या सत्तर वेळा, असे उत्तर देऊन येशू एका दासाची गोष्ट सांगतो. त्या दासावर राजाचे दहा हजार टॅलंट कर्ज आहे. एक टॅलंट म्हणजे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, वर्षाचे तीनशे दिवस काम धरले तर दोन लाख वर्षे. त्या काळचा शासक हेरोद अंतिपा याला गालील आणि पेरिया या प्रांतांतून वर्षाला दोनशे टॅलंट मिळत, असे योसेफस हा इतिहासकार नोंदवतो. ऐकणाऱ्यांना हा आकडा ऐकून हसूच आले असेल.

या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा तपशील प्रवचनांत क्वचित येतो. दास पाया पडून माफी मागतच नाही. तो मुदत मागतो. मला वागवून घ्या, मी सगळे फेडीन, असे तो म्हणतो. राजा मात्र त्याला मुदत न देता कर्जच सोडतो. दासाने हे ऐकले, पण त्याला ते पटले नसावे, असा माझा तर्क आहे, कारण बाहेर पडताच तो शंभर दिनारांच्या, म्हणजे शंभर दिवसांच्या मजुरीच्या, वसुलीसाठी सोबत्याचा गळा धरतो. मनाने तो अजून हप्ते जमवत होता.

येथे एक आक्षेप येतो आणि तो योग्य आहे: सोडायचे म्हणजे अन्यायाला मोकळे सोडायचे काय? २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातील मनोहरपूर येथे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स यांना त्यांच्या दहा आणि सहा वर्षांच्या दोन मुलांसह गाडीत जाळून मारण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि त्या बारिपदा येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेत राहिल्या; तरीही खटला चालला, शिक्षा झाली आणि त्यांच्या क्षमेने न्यायालयाचे काम अडले नाही. त्यांनी स्वतःच्या वहीतले नाव सोडले होते, सरकारच्या दप्तरातले नव्हे. या भेदापलीकडे त्या घटनेवर बोलण्याचा मला अधिकार नाही. माझी बाकी फार किरकोळ आहे.

माझ्या एका चुलतभावाने सोळा वर्षांपूर्वी जागेच्या व्यवहारासाठी माझ्याकडून चाळीस हजार रुपये घेतले आणि ते कधीच परत केले नाहीत. मी मागणे थांबवले आणि लोकांना सांगताना ‘मी केव्हाच क्षमा केली’ असे म्हणत राहिलो. खरे तर माझ्या मनात त्या रकमेपुढे ‘बुडीत’ लिहिलेले होते आणि दर लग्नकार्यात तो पंगतीत दिसला की मी व्याज धरून आकडा नव्याने मांडत असे. ईस्टरआधीच्या गेल्या उपवासकाळात, तो ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारनंतरच्या आठवड्यात, मी त्याला फोन केला आणि बरीच तयारी करून सांगितले की, ते पैसे तू मनातून काढून टाक, मी सोडले आहेत.

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग त्याने विचारले, “कोणते पैसे, दादा?”

तो खरोखर विसरला होता की विसरल्याचे सोंग करत होता, हे मला आजही ठरवता आलेले नाही. मला राग आला आणि रागासोबत हेही कळले की मी रक्कम सोडली असली तरी तिच्या बदल्यात त्याचे गहिवरणे मागत होतो. तो माझा शेवटचा हप्ता होता. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, असे रोमकरांस पत्रात प्रेषित पौल लिहितो. म्हणजे आपल्यावर काही बाकी आहे याची दखलही न घेतलेल्या माणसांसाठी. त्या ओळीत मी आजवर स्वतःला चुलतभावाच्या जागी उभे करून पाहिले नव्हते.

“काही नाही, सहज आठवले म्हणून,” असे म्हणून मी त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरातून पत्नीने विचारले, “काय म्हणाले भाऊजी?” मी म्हटले, “बरा आहे. ईस्टरला जेवायला येतो म्हणाला, सहकुटुंब.”