आमची वाटचाल : खत २ इंच बाजूला, २ इंच खाली

सिल्लोड, कन्नड, भोकरदन हा मक्याचा पट्टा. आमच्या कारखान्याची सुरुवात इथेच तिफणीचे फण, वखराची पास आणि ट्रॅक्टरची पेरणी यंत्रे दुरुस्त करण्यापासून झाली. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी भातात रुजवलेली एसआरटी (सगुणा राइस तंत्र) पद्धत मका-हरभऱ्यापर्यंत पोचली, कायम गादीवाफ्यांवर बिनानांगरणीची पेरणी वाढली, तसे आमचे कामही बदलले आणि आम्ही बी-खत एकत्र पेरणारी यंत्रे बनवू लागलो. नांगरट नसली की खत मातीत मिसळायची दुसरी संधी नसते, ते पहिल्याच फेरीत जागेवर पडावे लागते.

आपल्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) बहुधा ८ च्या आसपास किंवा पुढे, शिवाय चुनखडी. स्फुरद (फॉस्फरस) अशा मातीत जवळजवळ हलत नाही. वर फेकलेले डीएपी (नत्र-स्फुरदाचे दाणेदार खत) वरच्या थरातच अडकते आणि पावसाने ओढ दिली की तो थर सुकून मुळे उपाशी राहतात. तेच खत बियाण्याला चिकटून पडले तर क्षार आणि अमोनियाने कोंब जळतो. म्हणून मका ५ सेंमी खोल, तर खत १० सेंमी खोल आणि ओळीपासून ५ सेंमी बाजूला. दोन चाड्यांच्या (बी-खत सोडायच्या वाडग्यांच्या) पाभरीने बी आणि खत वेगळ्या वाटेने सोडायला केव्हाच शिकवले होते. आम्ही त्यात हे बाजूचे अंतर घट्ट बसवले.

त्यासाठी खताचा फण पुढच्या दांड्यावर आणि बियाण्याचा मागच्या, असे केले. दोन्हींत ५० सेंमी मोकळी जागा लागते, नाहीतर मक्याची धसकटे अडकून यंत्र ढीग ओढत नेते. फणापुढे काड कापणारी तबकडी असते. काड ओले असेल तर ती कापत नाही, उलट काड पेरणीच्या चिरेत दाबते आणि बी मातीऐवजी काडावर बसते. वाफसा (पेरणीजोगी, चिकट नसलेली ओल) येण्याआधी पेरले तर चिरेच्या भिंती गुळगुळीत होतात, ऊन पडताच चीर उघडते आणि बी उघडे पडते. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही एक दिवस थांबायला सांगतो. मागे तिरपी दाबचाके दिली आहेत, पण ओल्या चिकण मातीपुढे त्यांचेही काही चालत नाही.

खताची पेटी आम्ही साध्या पत्र्याची करत नाही, स्टेनलेसचीच करतो. रात्रभर खत राहिले की ते साधा पत्रा खाते, शिवाय खताचे ढेकूळ होते, म्हणून संध्याकाळी पेटी रिकामी करायची. युरिया आणि सुपर फॉस्फेट एकत्र भरू नये, मिश्रणाला पाणी सुटून ते चिकट होते. नळ्या पारदर्शक ठेवतो, म्हणजे तुंबलेली ओळ मागे बसलेल्याला लगेच दिसते. नळीला मध्ये झोळ पडू देऊ नये.

मोजमाप शेतातच करायचे. एकरी ५० किलो डीएपी आणि ६० सेंमीच्या ओळी असतील, तर प्रत्येक नळीतून मीटरला ७.४ ग्रॅम पडायला हवे. नळ्यांना पिशव्या बांधून २० मीटर चालवा. प्रत्येक पिशवीत साधारण १५० ग्रॅम भरले पाहिजेत. यंत्र उचलून चाक हाताने फिरवले तर आकडा फसवा येतो, कारण काडावर चाक घसरते आणि शेतात खत कमी पडते. दोन नळ्यांत १० टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर खत मोजून सोडणारा खाचांचा रोलर काढून साफ करावा.

मक्याला पेरणीनंतर द्यायचा उरलेला युरिया ही वेगळी अडचण. काडावर फेकला तर काडातल्या युरिएज विकराने त्याचा अमोनिया होऊन उडून जातो, लागोपाठ चांगला पाऊस आला तरच वाचतो. त्यासाठी एका चाकाचे, हाताने ढकलायचे खत यंत्र आम्ही बनवतो. ओळीपासून चार बोटे लांब, दोन इंच खोल, वरून माती. मजुरी जास्त लागते, हे खरे. तरीही आमचे मत स्पष्ट आहे : बिनानांगरणीच्या मक्यात युरियाचा हा दुसरा हप्ता मातीतच गेला पाहिजे.

सध्या पट्टा मशागतीच्या जोडावर (ट्रॅक्टरमागे लावायच्या अवजारावर) काम चालू आहे. वाफ्याचा बाकी भाग तसाच ठेवून फक्त ओळीचा १५-२० सेंमी रुंदीचा पट्टा मोकळा करायचा आणि त्याच फेरीत खत खाली सोडायचे. भारी जमिनीत या फणाला ओढ फार लागते, म्हणून छोट्या ट्रॅक्टरवाल्यांना आम्ही दोन ओळींचाच जोड सुचवतो.