‘उगाच’ नावाचं पाकीट

पैशाचा विषय निघाला की काही घरांत आवाज खाली जातो, काही घरांत चढतो. आमच्याकडे तो होता तसाच राहायचा. आज शाळेत काय झालं, हे जितक्या सहज विचारलं जायचं तितक्याच सहज ‘या महिन्यात जरा ओढाताण आहे’ हेही सांगितलं जायचं. मुलांसमोर नको, असं कुणी म्हणत नसे. ओढाताण आहे म्हणून कुणी तोंड पाडून बसत नसे, आणि हातात चार पैसे जास्त आले म्हणून कुणी छाती फुगवत नसे.

लहानपणी वाटायचं, सगळ्यांकडे असंच असतं. नोकरीला लागल्यावर चार घरं आतून पाहिली, तेव्हा कळलं की तसं नसतं. चांगली शिकलेली नवरा-बायको एकमेकांच्या पगाराचा आकडा अंदाजाने सांगतात. वडिलांच्या डोक्यावर किती कर्ज होतं, हे मुलांना ते गेल्यानंतर कपाटातले कागद चाळताना कळतं. घरच्यांचे आभार मानावेत असं मला पहिल्यांदा वाटलं ते तेव्हा, म्हणजे बऱ्यापैकी उशिरा.

वडिलांची जमाखर्चाची एक लांबट वही होती. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, आणि पान संपलं की खाली ‘पुढील पानावर’ अशी रक्कम. आमच्यापैकी कुणीही ती उघडून वाचू शकायचं. कुणी काही आणलं की त्यानेच नोंद करायची, अशी शिस्त होती. त्यात एक गोष्ट मात्र चालत नसे. मी एकदा शेवटी हिशेब जुळेना म्हणून उरलेली रक्कम ‘किरकोळ’ म्हणून टाकून दिली. वडिलांनी ती ओळ वाचली, रागावले वगैरे काही नाहीत. म्हणाले, “किरकोळ असं काही नसतं. ‘आठवत नाही’ असं लिही.” त्यानंतर आमच्या वहीत ‘आठवत नाही’ हे खातं कायमचं सुरू झालं. महिनाअखेरीला त्याची बेरीज वेगळी केली जायची आणि ती वाढली की घरात सगळे हसायचे. कुणालाच बोलणी बसत नसत. तरी पुढच्या महिन्यात ती बेरीज आपोआप उतरायची. हल्ली मोबाईलवर खर्च नोंदवायची नाना ॲप आहेत, सगळ्यांत ‘इतर’ नावाचा रकाना असतो आणि तिथे महिन्याचा बराचसा पैसा गुपचूप जाऊन बसतो. ‘आठवत नाही’ म्हणण्याइतकं प्रामाणिक ॲप अजून माझ्या पाहण्यात नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती ७२ची. व्याजाच्या दराने ७२ला भागायचं, की पैसे दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते कळतं. दर ८ टक्के असेल तर ९ वर्षं, ६ टक्के असेल तर १२. मला तो जादूचा खेळ वाटायचा आणि मी कुठलाही दर समोर दिसला की भागाकार करत सुटायचे. हा नियम बराच जुना आहे, हे खूप नंतर वाचलं. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या एका जाडजूड गणितग्रंथात तो सापडतो. लेखक लुका पाचोली, फ्रान्सिस्कन पंथाचा धर्मगुरू. दुहेरी नोंदीच्या हिशेबपद्धतीचं सविस्तर वर्णन छापून प्रसिद्ध झालं तेही त्याच ग्रंथात. वडिलांना यातलं काही माहीत असेल असं वाटत नाही. त्यांना बहुधा कचेरीतल्या कुणीतरी सांगितलं असणार.

पण खरी गंमत होती ती हे गणित उलटं करण्यात. महागाई वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत राहिली, तर १२ वर्षांत गादीखाली जपून ठेवलेल्या नोटांची किंमत निम्म्यावर येते. नोटा तितक्याच, वस्तू निम्म्या. आणि महिन्याला ३ टक्के व्याजाने उधारी केली, तर ७२ला ३ने भागायचं. आलं २४. म्हणजे एक पैसाही न फेडता बसलात, तर दोन वर्षांत देणं दुप्पट. क्रेडिट कार्डाच्या बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून जो छोटासा, प्रेमळ आकडा छापलेला असतो, तो पाहिला की मला अजूनही तो भागाकार आठवतो. व्याज आपल्यासाठी राबू शकतं तसंच ते आपल्याला राबवूही शकतं, एवढं शहाणपण वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी फुकटात मिळालं. पुढे ओळखीच्या काहीजणांना ते भरपूर फी भरून मिळालेलं पाहिलं.

आईचा कारभार वेगळा. तिला वहीचं फारसं कौतुक नव्हतं. “झालेला खर्च लिहून काय करायचा? तो तर झाला,” असं ती म्हणायची. तिच्याकडे पाकिटं होती. आलेल्या पत्रांची रिकामी पाकिटं उलटून, पुन्हा चिकटवून केलेली, आणि प्रत्येकावर तिच्या तिरक्या अक्षरात नाव: वीज, शिक्षण, औषधपाणी, प्रवास, पाहुणे. महिन्याच्या सुरुवातीला पैसे आले की आधी पाकिटं भरायची, मग उरले ते आपले. वर्षातून एकदाच येणारा विम्याचा हप्ताही तिने बारा भाग करून आधीच जमवलेला असायचा, त्यामुळे त्याची तारीख आली की घरात धावपळ होत नसे.

कधी एका पाकिटात कमी पडलं की ती दुसऱ्यातून उचलायची. उचलताना मात्र त्यात चिठ्ठी टाकायची: ‘प्रवासातून घेतले, औषधात टाकले’, खाली रक्कम आणि तारीख. स्वतःच्याच पैशातून स्वतःच उसने घ्यायचे आणि स्वतःलाच लिहून द्यायचं! वडील यावर पुष्कळ हसायचे. त्यांचं म्हणणं असं, की पैसा तो पैसा, त्याला जात नसते. एकीकडे कर्जावर जास्त व्याज भरायचं आणि दुसरीकडे पाकिटात बिनव्याजी पैसे झोपवून ठेवायचे, हा कुठला हिशेब? यावर आईचं ठरलेलं उत्तर होतं. “तुमचा हिशेब बरोबर आहे. पण पाकिटं मोडली की मग काहीच उरत नाही, हेही बरोबर आहे.”

हा वाद आमच्याकडे वर्षानुवर्षं चालला, आणि अर्थशास्त्रातही तो चालतो हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ साली यावर एक गाजलेला निबंध लिहिला. माणसं मनातल्या मनात पैशाची वेगवेगळी खाती करतात आणि एका खात्यातला पैसा दुसऱ्यात सहजी जाऊ देत नाहीत, असं त्याचं म्हणणं. कागदावर ते चुकीचं ठरतं. पण स्वतःला आवर घालायला त्याचाच उपयोग होतो. थेलरला २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आईला ही बातमी सांगितली तर तिने एवढंच विचारलं, “मग तो पण चिठ्ठी टाकतो का?”

या पाकिटांमध्ये एक होतं ‘उगाच’ नावाचं. त्यात रक्कम थोडीच असायची, पण त्याचे नियम सगळ्यांत कडक. एक, त्यातल्या खर्चाचा जाब कुणी कुणाला विचारायचा नाही, वहीतही त्याची नोंद नाही. दोन, त्यातून दुसऱ्या पाकिटात काही टाकायचं नाही, अगदी नड असली तरी. आणि तीन, वर्ष संपायच्या आत ते रिकामं झालंच पाहिजे. वडिलांना हा तिसरा नियम फार जड जायचा. ते दरवर्षी शेवटच्या आठवड्यात ‘थोडे राहू दे की पुढच्या वर्षाला’ म्हणून पाहायचे आणि आई ऐकायची नाही. मग आम्ही सगळे मिळून ते पैसे कशावर तरी उडवायचो. आज मागे वळून पाहते तेव्हा बचत मी वडिलांकडून शिकले हे खरंच, पण मनाला न टोचता खर्च करायला आईने शिकवलं, आणि दोन्हीतलं दुसरं जास्त अवघड आहे. भरपूर कमावून, भरपूर साठवून, स्वतःसाठी एक साधी वस्तू घेताना हात आखडणारी माणसं मी कमी पाहिलेली नाहीत.

आजीचं शिक्षण सगळं मिळून एका वाक्याचं होतं: उसने देताना विसरता येतील इतकेच द्यावेत. ती स्वतः बरेच विसरायची.

घरचं सगळंच मी उचललं, असं मात्र नाही. वडिलांच्या वहीत वेळेचा रकाना नव्हता. थोडे पैसे वाचावेत म्हणून ते अर्धा दिवस घालवून लांबच्या ठिकाणी जायचे, दमून परत यायचे आणि वाचलेली रक्कम समाधानाने मांडायचे. गेलेला अर्धा दिवस कुठेच लागत नसे. आईच्या पाकिटांतही तिच्या स्वतःच्या कष्टांचं पाकीट नव्हतं. घरकामाला मदतीचा हात तिने फार उशिरा घेतला, परवडत असूनही. त्या बाबतीत मी जाणूनबुजून दोघांच्या विरुद्ध वागते. पैसे देऊन वेळ विकत मिळत असेल तर घेते, आणि वडिलांना रक्कम सांगत नाही.

अडीअडचणीसाठी तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी ठेवावा, असं आर्थिक सल्लागार सांगतात. नोकरीत एकदा मला अपमान गिळायचा की राजीनामा द्यायचा, असा प्रसंग आला तेव्हा मी दुसरा पर्याय निवडू शकले, तो त्या हाताशी ठेवलेल्या रकमेच्या जोरावर. तिथे स्वाभिमान वगैरे गुण होतेच, पण माझ्याइतकेच स्वाभिमानी दोन सहकारी हप्त्यांपायी मान खाली घालून बसले होते. निम्मं श्रेय पाकिटांना द्यायला हवं.

तर हे सगळं एकदा घरच्यांना सांगावं म्हणून परवा फोन लावला. तुम्ही शिकवलं म्हणून असं असं झालं, असं काहीतरी मी बोलत होते. वडिलांनी मध्येच विचारलं, “ते राहू दे. घराचं कर्ज किती राहिलं?” मी आकडा सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले, बहुधा भागाकार चालू असावा. मग म्हणाले, “व्याजदर वाढला की बँका बऱ्याचदा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत वाढवतात. आपल्याला वाटतं काही बदललं नाही. मुदत किती झालीय ते पत्र मागवून बघ.” मी बघते म्हणाले. तेवढ्यात आईने फोन घेतला.

“ते पत्र नंतर बघ,” ती म्हणाली. “आधी सांग, सुट्टीत कुठे जाताय?”