गटाच्या वहीतला एक आठवडा

सोमवार

महिन्याचं पत्रक सोमवारी हातात घ्यायचं आणि रविवारी सगळ्यांना पाठवायचं. विज्ञानकथा, भयकथा, अद्भुतकथा लिहिणाऱ्यांच्या गटात या पत्रकाचे दोनच भाग असतात: सभासदांच्या बातम्या, आणि कथा मागवणाऱ्या मासिकांची यादी. काम दिसायला सोपं. पण यादीत एक अट चुकीची गेली, की कुणाची तरी कथा चार-सहा महिने भलत्याच दारात पडून राहते, आणि ते दार तिच्यासाठी उघडं नव्हतंच हे शेवटी कळतं. म्हणून ज्याने नियमावली शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, त्यानेच ती नोंद यादीत टाकायची. आलेला मेसेज तसाच पुढे ढकलायचा नाही.

सोमवार जातो झाडलोटीत. गेल्या महिन्याची प्रत्येक नोंद मासिकाच्या स्वतःच्या पानावर जाऊन पुन्हा वाचायची. 20 फेब्रुवारी 2023ला 'क्लार्क्सवर्ल्ड' या इंग्रजी विज्ञानकथा मासिकाने कथा घेणं एकाएकी थांबवलं, कारण यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लिहून घेतलेल्या कथांचा लोंढा आला होता. पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा सुरुवात केली. आदल्या आठवड्यात केलेली यादीसुद्धा त्या दिवशी खोटी ठरली असणार. तेव्हा प्रत्येक नोंदीच्या शेवटी 'तपासल्याची तारीख' हवीच. ती नसेल तर ती नोंद म्हणजे ऐकीव गोष्ट.

नवी मासिकं शोधायला दोन संकेतस्थळं पुरतात. 'सबमिशन ग्राइंडर' 2013पासून आहे आणि फुकट आहे. 'ड्यूओट्रोप' 2005चं, पण 1 जानेवारी 2013पासून तिथे वर्गणी भरावी लागते. दोन्हीकडे लेखकांनीच भरलेल्या नोंदींवरून एखादं मासिक किती दिवसांत उत्तर देतं ते कळतं. फक्त तिथली तारीख उचलून यादीत लिहायची नाही. तिथून सुगावा घ्यायचा, खात्री मासिकाच्या पानावर करायची.

मंगळवार

नोंद कशी लिहावी, हे ठरवून टाकलेलं बरं. मासिकाचं नाव, कोणत्या प्रकारच्या कथा, शब्दमर्यादा, मानधन, कथा घेण्याचे दिवस, एकाच वेळी दुसरीकडे पाठवता येते का, नाव लपवायचं का, कोणते हक्क मागतात, यंत्राच्या मदतीबद्दल काय म्हटलंय. आणि एक ओळ, वाचणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत: यांना काय नको आहे. 'चांगल्या कथा हव्यात' असं सगळेच लिहितात, त्यातून काही हाती लागत नाही. 'लहान मुलांचे हाल नकोत', 'शेवटी सगळं स्वप्न निघालं अशी कथा नको' अशा ओळींतूनच संपादकाची आवड कळते.

मानधन शब्दामागे मोजलेलं असतं. अमेरिकेतल्या विज्ञानकथा-अद्भुतकथा लेखकांच्या संघटनेने, म्हणजे 'एसएफडब्ल्यूए'ने, सप्टेंबर 2019पासून व्यावसायिक दर शब्दामागे 8 सेंट धरला. त्याआधी तो 6 होता. 4000 शब्दांच्या कथेचे या दराने 320 डॉलर होतात. नोंदीत नुसतं 'मानधन आहे' लिहिण्यापेक्षा हा गुणाकार करून लिहावा. पैसे कथा स्वीकारल्यावर देतात की छापल्यावर, तेही लिहावं. या दोन्हींत कधीकधी वर्षाचं अंतर पडतं.

शब्दमर्यादेचीही एक शिडी आहे. याच संघटनेच्या नेब्युला पुरस्कारासाठी 7500 शब्दांच्या आत लघुकथा, 7500पासून 17,500च्या आत नॉव्हेलेट, तिथून 40,000च्या आत नॉव्हेला, आणि 40,000पासून कादंबरी. बरीच मासिकं हेच शब्द वापरतात, पण स्वतःची मर्यादा त्याहून खूप खाली ठेवतात. 'लघुकथा' एवढं वाचून 7000 शब्द पाठवले आणि मर्यादा 5000ची निघाली, असं व्हायला वेळ लागत नाही.

मराठीत लिहून मग इंग्रजीत नेणाऱ्यांचा इथे हमखास घोळ होतो. आपली विभक्ती शब्दालाच चिकटते. 'घरातल्यांनासुद्धा' हा मराठीत एक शब्द. इंग्रजीत त्याचं 'ईव्हन टू दोज इन द हाउस' होतं, म्हणजे सहा. तेव्हा मराठीत काठोकाठ बसणारी कथा इंग्रजीत मर्यादेबाहेर जाणार हे गृहीत धरावं, आणि आकडा भाषांतर झाल्यावरच मोजावा.

तारखेचंही तसंच. 'शेवटची तारीख 31' म्हणजे कुठली 31? न्यूयॉर्कच्या घड्याळात रात्रीचे 11:59 म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशी सकाळचे 9:29; पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत 10:29. लंडनचे 11:59 उन्हाळ्यात आपल्या पहाटे 4:29ला, हिवाळ्यात 5:29ला. 'पृथ्वीवर कुठेही' ('एनीव्हेअर ऑन अर्थ', म्हणजे तारीख सगळ्यात शेवटी बदलते तिथलं घड्याळ) असं लिहिलं असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5:29पर्यंत. नोंदीत भारतीय वेळ लिहून टाकावी, म्हणजे दहाजणांना दहा वेळा हिशेब करावा लागत नाही. काही मासिकं ठरावीक संख्येने कथा आल्या की त्याच क्षणी थांबतात. तिथे शेवटची तारीख बघण्यात अर्थ नाही. 'पहिल्याच दिवशी पाठवा' असं ठळक लिहावं.

बुधवार

सगळ्यात जास्त गल्लत दोन अटींत होते. एक: तीच कथा एकाच वेळी दोन मासिकांकडे पाठवणं. दुसरी: एकाच मासिकाकडे एकदम दोन कथा पाठवणं. इंग्रजीत पहिलीला 'सायमल्टेनियस' आणि दुसरीला 'मल्टिपल' म्हणतात, आणि घाईत वाचणारा दोन्ही एकच समजतो. एकीला परवानगी आहे म्हणून दुसरीला असते असं मुळीच नाही. नोंदीत हे इंग्रजी शब्द न लिहिता सरळ वाक्य लिहावं: 'ही कथा दुसरीकडे पाठवलेली चालत नाही. एका वेळी एकच कथा.'

दुसरीकडे पाठवलेली चालत असेल, तर सोबतच्या पत्रात तसं सांगावं. एका ठिकाणी कथा स्वीकारली गेली की त्याच दिवशी बाकीच्यांना मागे घेत असल्याचं कळवावं. उशीर झाला आणि दोन संपादकांनी तीच कथा घेतली, तर एकाचं वाचन, चर्चा, अंकाची आखणी सगळं पाण्यात जातं. ते नाव संपादकांच्या लक्षात राहतं.

'आधी प्रसिद्ध झालेली कथा नको' ही अट वाचताना मनाची चुकीची समजूत घालू नये. स्वतःच्या उघड्या पानावर टाकलेली कथा बहुतेक ठिकाणी प्रसिद्ध झालेलीच धरतात, वाचणारे पाच असोत की पाच हजार. पासवर्ड असलेल्या बंद गटात सूचनांसाठी दाखवलेली कथा सहसा धरत नाहीत. आणि मराठीत छापून आलेली कथा इंग्रजीत पाठवायची असेल तर? इंग्रजीतल्या पहिल्या प्रसिद्धीचा हक्क अजून लेखकाकडेच असतो (करारात भाषांतराचे हक्क देऊन बसला नसेल तर), पण काही संपादक तिला पुनर्मुद्रण समजतात आणि दर कमी देतात. म्हणून पत्रात मूळ प्रसिद्धीचं वर्ष आणि भाषा स्वच्छ लिहावी. भाषांतर दुसऱ्याने केलं असेल तर त्याची लेखी संमती आणि मानधनाची वाटणी कथा पाठवण्याआधी ठरवावी. पैसे आल्यावर हा विषय काढणं फार अवघड जातं.

गुरुवार

नाव झाकून वाचणाऱ्या ठिकाणांची वेगळी नोंद हवी. 1974मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला जयंत विष्णु नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. ज. वि. ना. उलटं वाचलं की ना. वि. ज. वजन नावाला मिळतं की कथेला, हे पाहायचा इतका प्रामाणिक मार्ग दुसरा नाही.

आता नाव झाकणं म्हणजे पहिल्या पानावरून खोडणं एवढंच राहिलेलं नाही. ते चार जागी उरतं: प्रत्येक पानाच्या वरच्या ओळीत, फाइलच्या नावात, कडेच्या शेऱ्यांत आणि फाइलच्या आतल्या माहितीत. वर्डमध्ये 'फाइल'मधून 'इन्फो'त जावं, तिथे 'चेक फॉर इश्यूज'खाली 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' सापडतं. ते चालवून लेखकाचं नाव आणि शेरे काढून टाकावेत. हे मूळ फाइलवर करू नये, नक्कल काढून तिच्यावर करावं, नाहीतर गटातल्या लोकांनी कष्टाने दिलेले शेरेही जातात. 'रायटर्स ऑफ द फ्यूचर' ही नवोदितांसाठीची स्पर्धा याच पद्धतीची: वर्षात चार फेऱ्या, प्रवेशशुल्क नाही, 17,000 शब्दांपर्यंत, हस्तलिखितावर नाव नको.

बाकी ठिकाणी विल्यम शन या लेखकाने मांडून दिलेला हस्तलिखिताचा आराखडा चालतो. बारा पॉइंटचा साधा टाइप, ओळींत दुप्पट अंतर, चारी बाजूंना एक इंच समास, पहिल्या पानावर डावीकडे नाव-पत्ता आणि उजवीकडे जवळच्या शंभरात केलेली शब्दसंख्या, पुढच्या पानांवर आडनाव, शीर्षकातला एक शब्द आणि पानाचा आकडा. प्रसंग बदलताना नुसती रिकामी ओळ सोडू नये. ती पानाच्या तळाशी आली की दिसेनाशी होते, म्हणून मधोमध एक खूण करावी. मराठी मासिकांना कथा पाठवताना युनिकोडमध्येच पाठवावी. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली कथा दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की पान अगम्य चिन्हांनी भरून जातं आणि संपादक पुढे वाचू शकत नाही.

सोबतचं पत्र चार ओळींचं पुरतं: शीर्षक, शब्दसंख्या, आधीची दोन-तीन प्रकाशनं असतील तर ती, आणि आभार. कथेचा सारांश त्यात घालू नये. आधीचं काही छापून आलेलं नसेल, तर ती ओळ सरळ गाळावी, दिलगिरी नको.

शुक्रवार

आजचा दिवस संशयाचा. कथा वाचण्याचे पैसे मागणारे, छापल्यावर प्रती विकत घ्यायला लावणारे, 'निवड झाली, संपादनशुल्क भरा' म्हणणारे यादीत येता कामा नयेत. काही जुनी वाङ्मयीन नियतकालिकं थोडंसं शुल्क घेतात हे खरं, पण विज्ञानकथेच्या जगात पैसा लेखकाकडे येतो, लेखकाकडून जात नाही. शंका आली तर 'रायटर बीवेअर' या संकेतस्थळावर नाव शोधावं. 1998मध्ये ए. सी. क्रिस्पिन आणि व्हिक्टोरिया स्ट्रॉस या लेखिकांनी ते काम उभं केलं आणि तेव्हापासून लेखकांना फसवणाऱ्यांची माहिती तिथे जमा होत आली आहे.

करारात पाच जागी बोट ठेवून वाचावं. कोणता हक्क, म्हणजे पहिल्या प्रसिद्धीचा की 'सर्व हक्क'. 'सर्व हक्क' असेल तर थांबावं. दुसरं, किती काळ ती कथा दुसरीकडे देता येणार नाही. सहा महिने ते वर्ष हे नेहमीचं. तिसरं, या काळात 'वर्षातल्या उत्तम कथा' अशा संग्रहाने मागितली तर देता येते का. चौथं, त्यांनी कथा छापलीच नाही तर हक्क कधी परत येतात. ही ओळ नसेल तर मागून घ्यावी. बंद पडलेल्या मासिकाकडे कथा अडकली की विचारायला समोर माणूसच उरत नाही. पाचवं, यंत्रांना शिकवण्यासाठी मजकूर वापरण्याबद्दल काय लिहिलंय. बदल मागितला म्हणून भला संपादक कथा परत करत नाही. भीड बाजूला ठेवून विचारावं.

शनिवार

सभासदांच्या बातम्या. बातमी म्हणजे कथेचं नाव, मासिक, अंक, साधारण शब्दसंख्या आणि वाचायला कुठे मिळेल ते. 'अभिनंदन!'च्या वीस ओळींपेक्षा कथा वाचून लिहिलेली एक ओळ लेखकाला जास्त देते.

काय छापायचं नाही हे अधिक जपावं लागतं. 'दुसऱ्या वाचनासाठी ठेवली आहे' हा स्वीकार नव्हे, ती बातमी होत नाही. करारावर सही होईपर्यंत थांबावं. पुरस्काराच्या यादीत नाव आल्याचं आधी गुपचूप कळवलेलं असेल, तर त्यांनी जाहीर करेपर्यंत पत्रकात अवाक्षर नको. आणि नाव झाकून चाललेल्या स्पर्धेत कोणी कोणती कथा पाठवली, हे निकालाआधी छापलं तर सगळी झाकाझाक वाया.

साभार परत आलेल्या कथांचा रकाना मात्र हवा. मासिक, किती दिवसांनी उत्तर आलं, छापील मजकूर होता की संपादकाने स्वतः दोन ओळी लिहिल्या होत्या. 'ही आमच्यासाठी नाही, पण पुढची जरूर पाठवा' असं लिहिलं असेल तर ते खरं मानावं आणि पुढची कथा खरोखर पाठवावी. हजारो कथा चाळणारा माणूस भिडेखातर एवढं लिहीत नाही. संपादकाच्या पत्रातला मजकूर जसाच्या तसा गटात लावू नये, तात्पर्य पुरे. आणि उलट उत्तर पाठवून वाद घालू नये, हे दर वेळी लिहावं लागलं तरी लिहावं.

रविवार

परत आलेली कथा त्याच आठवड्यात पुढच्या ठिकाणी गेली पाहिजे. त्यासाठी कथा पहिल्यांदा पाठवतानाच पुढच्या तीन मासिकांची नावं वहीत लिहून ठेवावीत. परत आल्यावर मन खट्टू असतं आणि शोधाशोध होत नाही. नाव आधीच लिहिलेलं असलं की नुसता आराखडा बदलून कथा रवाना करता येते. दर वेळी पुन्हा लिहायला बसू नये. दोन-तीन संपादकांनी एकाच जागी बोट ठेवलं असेल तरच कथा उघडावी.

उत्तर आलं नाही तर? नियमावलीत सांगितलेले दिवस आधी पूर्ण होऊ द्यावेत, मग एक छोटं पत्र: कथेचं नाव, पाठवल्याची तारीख, पोच क्रमांक, 'अजून विचाराधीन आहे का?' बस. त्याला महिनाभर उत्तर नाही आलं, तर कथा मागे घेत असल्याचं लेखी कळवून ती मोकळी करावी.

या महिन्याच्या यादीत तीन नोंदींपुढे भारतीय वेळ घालायची राहिली आहे, आणि एका मासिकाच्या पानावर दोन वेगवेगळ्या शब्दमर्यादा दिसतात, एक नियमावलीत आणि एक कथा भरायच्या अर्जात. संपादकांना विचारलं आहे. उत्तर येईपर्यंत ती नोंद थांबवलेली बरी.